परग्रहावरच्या भग्नावशेषांची कुमार कादंबरी: वस्तीपासून शेवटच्या प्रकरणापर्यंत

१९४० च्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये अठरा वर्षांचा मार्सेल राव्हिदा आणि त्याच्याहून लहान तीन मित्र जमिनीतल्या एका अरुंद भोकातून सरपटत खाली उतरले. दिव्याच्या उजेडात भिंतीवर बैल, घोडे, हरणं दिसली. चित्रं १७,००० वर्षांच्या आसपास जुनी होती. हीच लास्कोची गुहा. पुढे ती पाहायला लोकांची रीघ लागली, आणि त्यांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने नि ओलाव्याने भिंती खराब होऊ लागल्या. १९६३ मध्ये गुहा लोकांसाठी बंद करावी लागली.

कुमार वाचकांसाठी परग्रहावरच्या अवशेषांची साहसकथा लिहायची म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आधी ही घटना सांगते. मुलं मोठ्यांच्या आधी पोचतात, अंधारात छाती धडधडते, आणि नुसतं बघण्याचीही किंमत मोजावी लागते. कादंबरीचं सगळं सामान इथे आहे.

अशा कादंबरीचं कथानक म्हणजे अनुमानांची साखळी असते, असं माझं ठाम मत आहे. नायिकेला काहीतरी दिसतं, ती त्याचा अर्थ लावते, त्या अर्थावर विसंबून पाऊल टाकते, आणि अर्थ चुकला असला तर ते पाऊल महागात पडतं. ही साखळी घट्ट असेल तर पाठलाग, कोसळणारं छत, संपत आलेला ऑक्सिजन हे सगळं कामाला येतं. साखळीच नसेल तर त्याचा नुसता गोंगाट होतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही साखळी जुळवण्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: आधी वस्ती, मग पडझड

बहुतेक जण थेट पडक्या कमानीपासून सुरुवात करतात. तसं करू नका. आधी एक वही घ्या आणि ती वस्ती नांदती असतानाची तीन-चार पानं लिहून काढा. ती कादंबरीत येणार नाहीत, कुणाला दाखवायचीही नाहीत. पण त्यांच्याशिवाय तुमच्या भिंती पोकळ राहतील.

सुरुवात शरीरापासून करा. माणसाच्या जिन्याची पायरी साधारण १७-१८ सेंटिमीटर उंच असते, कारण आपला गुडघा तेवढाच सहज उचलला जातो. दाराची उंची, कडीची जागा, खिडकी कुठे असावी, हे सगळं शरीर ठरवतं. तुमच्या परग्रहवासीयांचं शरीर कसं होतं? उभं की जमिनीलगत? डोळे तीक्ष्ण होते, की ते स्पर्शावर जगत होते? डोळ्यांनी कमी पाहणाऱ्यांच्या शहरात भित्तिचित्रं कशाला असतील? तिथे भिंतींचा खरखरीतपणा गल्लीगल्लीत बदलत जाईल, म्हणजे हात फिरवला की आपण कुठे आहोत ते कळेल.

मग रोजचं जगणं. पाणी कुठून यायचं, मैला कुठे जायचा, मेलेल्यांचं काय करायचे, मुलं कुठे खेळायची. राजवाडे आणि मंदिरं रंगवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, पण खऱ्या उत्खननात माणसं जास्त भेटतात ती चुलीपाशी, उकिरड्यावर आणि कोठारात. तुमच्या शहराला उकिरडा द्या. नायिकेला त्यातून सिंहासनापेक्षा जास्त काही सापडेल.

शेवटी, ते का गेले? इथे घाई नको. एका रात्रीत सगळं संपलं हे उत्तर सोपं असतं, आणि त्यामुळे नायिकेला शोधायला फारसं काही उरत नाही. हळूहळू झालेलं जाणं अनेक थरांत खुणा सोडतं.

एक उदाहरण मी इथे शेवटपर्यंत वापरणार आहे. जमिनीखाली बांधलेलं शहर. राहणारे लांबट अंगाचे, जमिनीलगत चालणारे, नजर अधू पण स्पर्श तीव्र. शहरात खालून पाणी झिरपू लागलं. त्यांनी आधी मुलांना दुसरीकडे हलवलं, आणि मोठी मंडळी चाळीस वर्षं पाण्याशी झुंजत मागे राहिली. नायिकेला यातलं काहीच माहीत नाही. तिला आपण ईरा म्हणू. वय सोळा.

ग्रहाचे नियम

ग्रह खरा निवडा किंवा कल्पनेतला, पण त्याचे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि मग ते मोडू नका. गुरुत्व, हवेचा दाब, तापमान, दिवसाची लांबी आणि घरी संदेश पोचायला लागणारा वेळ, एवढे पाच पुरतात.

मंगळाचं घ्या. गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के, दिवस २४ तास ३९ मिनिटांचा, आणि हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे मंगळावरचं वादळ माणसाला उचलून फेकू शकत नाही. ते धूळ उडवतं, सूर्य झाकतं, सौरपट्ट्या निकामी करतं. अंधार आणि थंडी हाच खरा धोका, आणि कथेसाठी तो जास्त चांगला, कारण तो सावकाश येतो. पृथ्वीवर संदेश पोचायला अंतराप्रमाणे ३ ते २२ मिनिटं लागतात, उत्तर यायला पुन्हा तेवढीच. मोठ्यांचा सल्ला वेळेवर मिळू नये यासाठी यंत्र बिघडवायची गरजच नाही. प्रकाशाचा वेगच तुमचं काम करून टाकतो.

शनीच्या टायटन या चंद्रावर गोष्ट वेगळी. हवेचा दाब पृथ्वीच्या दीडपट, गुरुत्व सातव्या हिश्शाएवढं, तापमान उणे १७९ अंश सेल्सियस, आणि पाऊस मिथेनचा. दाब आहे म्हणून पोशाख फुगवावा लागत नाही, मात्र ऊब आणि ऑक्सिजन सोबत हवाच. दाट हवा आणि इतकं कमी वजन, म्हणजे हातांना पंख बांधून माणूस तिथे उडूही शकेल. सोळा वर्षांच्या मुलीला हे कळल्यावर ती ते करून बघणारच. ते प्रकरण लिहाच.

हवा नसलेल्या चंद्रावर अवशेष ठेवलेत तर वारा-पाऊस नाही, म्हणून खुणा टिकतात. पण तिथल्या धुळीचे कण झिजलेले नसल्यामुळे धारदार असतात. अपोलो मोहिमांमध्ये या धुळीने अंतराळवीरांचे पोशाख घासून काढले होते, आणि यानात परत आल्यावर तिला उडालेल्या बंदुकीच्या दारूसारखा वास येतो असं त्यांनी सांगितलं. असा एक तपशील पानभर वर्णनाचं काम करतो.

वय ठरवणं: इथे बहुतेक लेखक घसरतात

नायिका यंत्र लावते आणि पडद्यावर "वय: १२,००० वर्षे" उमटतं. हे वाक्य माझ्याही जुन्या खर्ड्यात होतं आणि ते वाचून मला आजही वाईट वाटतं, कारण त्या एका वाक्याने मी चार प्रकरणांचा ऐवज वाया घालवला.

कार्बन-१४ हा कार्बनचा हळूहळू क्षय पावणारा प्रकार. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं आहे आणि त्यावरून साधारण ५०,००० वर्षांपर्यंतचं वय काढता येतं. पण हे गणित पृथ्वीच्या हवेत कार्बन-१४ किती होतं यावर उभं आहे. परग्रहाच्या हवेचा तो हिशोब कुणाकडेच नसेल, म्हणून ही पद्धत तिथे जशीच्या तशी चालणार नाही. युरेनियम-शिसे पद्धत चालेल, कारण युरेनियमचा क्षय सगळीकडे सारख्याच गतीने होतो. पण ती सांगेल खडक कधी तयार झाला ते. भिंत कधी उभी राहिली ते नाही. तुमच्या कथेतला एखादा हुशार, घाईतला माणूस या दोन्हींत गफलत करू शकतो. वाचकाला ती चूक पटेल, कारण ती शहाण्या माणसाची चूक आहे.

मग ईराच्या हातात काय उरतं? थर. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हे निकोलस स्टेनो या शास्त्रज्ञाने १६६९ मध्येच मांडलं, आणि गुरुत्व आहे तिथे ते लागू पडतं. पण खड्डा खणून भरला, भिंत पाडून तिचीच माती पसरली, की क्रम उलटसुलट होतो. कुठला थर कुणाला कापून गेला हे वाचणं हीच तिची गुप्तहेरी.

आणि माझी सगळ्यात आवडती पद्धत: वाळूच्या कणाने शेवटचा उजेड कधी पाहिला ते मोजणं. क्वार्ट्झसारख्या खनिजाचे कण गाडले गेले की आजूबाजूच्या किरणोत्सर्गाची ऊर्जा त्यांच्यात साठत जाते. उजेड लागला की ती निघून जाते. प्रयोगशाळेत ती बाहेर काढून मोजली की कण किती काळ अंधारात होता ते कळतं. मात्र नमुना घेताना त्यावर उजेडाचा कवडसाही पडता कामा नये. तो अपारदर्शक नळीत ठोकून भरायचा आणि उघडायचा तो मंद लाल दिव्यात. आता कल्पना करा: ईराला संपूर्ण काळोखात, चाचपडत, हा नमुना घ्यायचा आहे, आणि बोगद्यात ती एकटी नाही असं तिला वाटतं. दिवा लावला तर पुरावा गेला. नाही लावला तर? हा प्रसंग विज्ञानातून आपोआप आलाय. वरून आणून चिकटवलेला नाही.

एक खूण, तीन अर्थ

आता साखळी प्रत्यक्षात कशी ओवायची ते पाहू. सगळ्या कामाचं मर्म इथे आहे.

ईरा एका लांब बोळात आहे. पुरातत्त्वात झिजलेला मजकूर वाचण्यासाठी दिवा भिंतीला जवळपास समांतर धरतात. तिरप्या उजेडात बारीकसारीक उंचवट्यांच्याही सावल्या पडतात. तीही तसंच करते:

"दिवा खाली आणताच भिंत बोलायला लागली. गुडघ्याच्या उंचीवर हातभर रुंदीचा एक पट्टा बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला होता. तिथला दगड आत दबलेला, कडा गोल. कुणी कोरलेला नव्हता. हजारदा, लाखदा कुणाचं तरी अंग नाहीतर हात तिथून घासत गेला होता. ईरा पोटावर आडवी झाली. तेव्हा दुसरा पट्टा दिसला. वितीएवढ्या उंचीवर, अरुंद, आणि वळणावर नागमोडी. मोठ्या पट्ट्यासारखा तो सरळ जात नव्हता. जो कुणी इथून जायचा तो भिंतीला हात लावून पळायचा, थांबायचा, परत पळायचा."

मुलं. हा पहिला अर्थ, आणि तो बरोबर आहे. वाचकाला इथे आनंद होऊ द्या. लगेच घात करू नका.

दोन प्रकरणांनंतर ती पट्ट्यांवरच्या पांढऱ्या पुटाकडे पाहते. झिरपणाऱ्या पाण्यातला क्षार भिंतीवर साचतो, आणि ऋतूप्रमाणे पाणी कमी-जास्त होत असेल तर झाडातल्या वलयांसारखे वर्षागणिक थर पडू शकतात. पृथ्वीवरच्या गुहांमधल्या काही चुनखडी स्तंभांतही असे थर मोजता येतात. अंग घासलं जात असेपर्यंत पुट टिकत नाही, स्पर्श थांबले की ते साचू लागतं. ईरा भिंगाखाली मोजते. मोठ्या पट्ट्यावर २११ थर, छोट्यावर २५१. म्हणजे मोठ्यांचे स्पर्श थांबायच्या चाळीस वर्षं आधीच छोट्यांचे थांबले होते. शहर नांदत होतं, पण त्यात मुलं नव्हती.

दुसरा अर्थ: मुलं मेली. रोगाची साथ. हा अर्थ पटण्यासारखा आहे, भीतीदायक आहे, आणि चुकीचा आहे. त्याच दिवशी खालच्या दालनात तिच्या मित्राचा पोशाख फाटतो. साथीच्या धास्तीने ईराच आग्रह धरते की त्याला तळावर आत घेऊ नका. तो रात्रभर बाहेरच्या हवाबंद कक्षात एकटा पडून राहतो आणि जाड काचेपलीकडून तिच्याकडे बघत राहतो. त्याला काहीही झालेलं नसतं. पण त्या रात्रीनंतर तो तिच्याशी पहिल्यासारखा बोलत नाही.

तिसरा अर्थ कादंबरीच्या शेवटाकडे येऊ द्या. मुलांच्या दालनात एकही तुटकं भांडं नाही, एकही दफन नाही. सगळं आवरून, बांधून नेलंय. साथीत मेलेल्यांचं सामान कुणी असं आवरून नेत नाही. मुलांना वाचवलं होतं.

लक्षात घ्या, तिन्ही अर्थांना पुरावा एकच आहे. फक्त तो दर वेळी थोडा जास्त उघडतो. तुमच्या कादंबरीसाठी अशा दोन खुणा पुरेशा आहेत. तीन झाल्या तर भाग्य. वीस नकोत.

लिपी

अनुवादक यंत्राने परग्रहाची भाषा बोलून दाखवली की कथेतला अर्धा अंधार मावळतो. खऱ्या लिप्या किती हट्टी असतात ते पाहा. सिंधू लिपीतले लेख सरासरी पाच चिन्हांचे आहेत आणि ती अजून वाचता आलेली नाही. क्रीट आणि ग्रीसमधली 'लिनियर बी' वाचली गेली ती १९५२ मध्ये. वाचणारा मायकल व्हेंट्रिस व्यवसायाने वास्तुरचनाकार होता. चौदाव्या वर्षी, शाळकरी असताना, त्याने या लिपीबद्दल ऐकलं आणि ती त्याच्या डोक्यातून कधी गेलीच नाही. कुमार कथेसाठी याहून चांगला आधार कुठून आणायचा! त्याच्या आधी अॅलिस कोबर यांनी वर्षानुवर्षं कागदाच्या चिठ्ठ्यांवर चिन्हं टिपून दाखवलं होतं की काही शब्दांची फक्त शेवटं बदलतात, म्हणजे या भाषेत विभक्तीसारखं काहीतरी असलं पाहिजे. अर्थ कळण्याआधी व्याकरण कळलं. ईरालाही अशीच चिठ्ठ्यांची पेटी द्या.

आणि वाचल्यावर निघालं काय? मेंढ्या, लोकर, धान्य यांचे हिशोब. या मातीच्या पाट्या मुळात भाजलेल्याही नव्हत्या. राजवाडे जळाले तेव्हा त्या आगीत पक्क्या झाल्या आणि म्हणून टिकल्या. ज्या आगीने शहर संपवलं तिनेच त्याचा हिशोब जपला. तुमच्या शहरात काय टिकलं आणि कशामुळे टिकलं, याला असंच नेमकं कारण असू द्या. आमच्या उदाहरणात ईराला शेवटी वाचता येते ती एक यादी: किती जण गेले, सोबत किती पाणी दिलं. आकडे, आणि आकड्यांच्या पुढे एकेक छोटी खूण. ती नावं असावीत असं तिला वाटतं. खात्री होत नाही. तिथेच ठेवा.

सोळा वर्षांची मुलगी तिथे आहेच का?

याचं उत्तर पहिल्या वीस पानांत द्या. "ती निवडली गेली होती" हे उत्तर चालणार नाही. तिला काम द्या. ती तळावर वाढली आहे, नकाशे नोंदवते, अरुंद बोगद्यात मावते, कमी गुरुत्वात चालणं तिला मोठ्यांपेक्षा सहज जमतं. १८७९ मध्ये स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेत छतावरच्या प्राचीन चित्रांकडे आधी लक्ष गेलं ते उत्खनन करणाऱ्या सौतुओला यांच्या आठ वर्षांच्या मुलीचं. वडील जमिनीत शोधत होते, तिने वर पाहिलं. मुलांची नजर वेगळ्या उंचीवर असते, एवढं कारण पुरतं. आमच्या ईराला छोटा पट्टा दिसला तोही ती पोटावर झोपली म्हणून.

मोठ्यांना मूर्ख करू नका, ही विनंती आहे. मोहिमेच्या प्रमुख बाईंकडे ईराला थांबवण्याची चांगली कारणं असू द्या: उरलेला ऑक्सिजन, कमकुवत छत, आधी गमावलेला सहकारी. दोघींचंही बरोबर असेल तेव्हाच भांडण वाचवत राहतं. आणि ईराची स्वतःची जखम अवशेषांशी जुळवा. तिलाही आईने सुरक्षित राहावं म्हणून लहानपणी दूर पाठवलं होतं, आणि ती ते टाकून देणं समजत आली आहे. आता पट्ट्याचा तिसरा अर्थ उलगडतो तेव्हा काय होईल, ते मी सांगायला नको.

धोका कुठून आणायचा

बाण सोडणाऱ्या भिंती विसरा. लोक राहत्या घरात सापळे लावत नाहीत. पडक्या वास्तूचे धोके साधे असतात: पाण्याने पोखरलेला खांब, बंद दालनात साचलेला वायू, भरून राहिलेली आणि फुटायला आलेली टाकी. मागे पोकळी आहे का हे कळायला खणावंच लागतं असंही नाही. २०१७ मध्ये गिझाच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये दगडातूनही आरपार जाऊ शकणाऱ्या म्युऑन या सूक्ष्म कणांच्या साहाय्याने किमान ३० मीटर लांबीची पोकळी सापडली, एकही दगड न हलवता. ईराच्या गटाला अशी पोकळी दिसू द्या, आणि मग प्रश्न उरू द्या: फोडायची की नाही?

बंद दाराचा एक अर्थ "आत खजिना आहे" असतो. दुसरा, "कृपा करून येऊ नका". अमेरिकेत अणुकचऱ्याच्या साठ्यावर १०,००० वर्षांनंतरच्या माणसांनाही कळेल असा इशारा कसा लिहावा, यावर १९९३ मध्ये सविस्तर अहवाल तयार झाला. भाषा बदलेल, चिन्हांचे अर्थ बदलतील, हे धरूनच तो विचार होता. तुमच्या परग्रहवासीयांनीही अशी काळजी केली असेल, आणि नायिका त्यांची कळकळ नेमकी उलटी वाचेल. खलनायकाशिवाय भीती उभी राहते ती अशी.

१९६७ च्या बाह्य अवकाश कराराच्या नवव्या कलमात परग्रहांचं घातक दूषण टाळावं असं म्हटलं आहे. तळावर तो नियम रोज पाळला जाताना दाखवा: बूट घासणं, हत्यारं तापवणं, नोंदवहीत सही. मग एके दिवशी ईरा घाईत बूट न घासता आत शिरते. लास्को आठवा.

खर्डा लिहायला बसल्यावर

प्रकरणांची यादी घटनांनुसार करू नका. प्रत्येक प्रकरणासाठी कागदावर तीनच ओळी लिहा: काय दिसलं, ईराला काय वाटलं, त्या वाटण्याने तिने काय केलं. तिसरी ओळ रिकामी राहिली तर ते प्रकरण फक्त सहल आहे. काढून टाका किंवा शेजारच्यात मिसळा. चुकलेलं अनुमान साधारण कादंबरीच्या मध्यावर यावं, म्हणजे त्याची किंमत भोगायला पुरेशी पानं उरतात.

वर्णनात "प्रचंड", "गूढ", "अद्भुत" हे शब्द पहिल्या खर्ड्यात खुशाल येऊ द्या. दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येकाच्या जागी एक माप किंवा एक स्पर्श लिहा. प्रचंड दालन म्हणजे किती? तिची हाक परत यायला किती वेळ लागला? हवा असेल तर प्रतिध्वनी मोजता येतो. नसेल तर आवाजच नाही, फक्त हेल्मेटमधला स्वतःचा श्वास.

विज्ञान समजावणारे परिच्छेद पात्रांच्या हातात द्या. कुणी नमुना घेत असताना दुसऱ्याला ओरडतं, "दिवा बंद!", तेव्हा वाचकाला कारण आपोआप जाणून घ्यावंसं वाटतं. आधी ओरड, मग दोन वाक्यांत कारण.

शेवटच्या प्रकरणात सगळी दारं उघडू नका. ईराला निघावं लागतं, पाणी वर चढतंय, यादीतली निम्मी चिन्हं न वाचलेली आहेत. ती बोळातून परत येते तेव्हा तिचा हातमोजा भिंतीवर, मोठ्या पट्ट्याच्या वर, आपल्या खांद्याच्या उंचीवर टेकलेला असू द्या. तिथे अजून कुठलीच झीज नाही. ती हात उचलून घेते की तसाच ठेवून चालत राहते, ते लिहायच्या आधी लास्कोचं पान परत एकदा वाचा आणि तुमच्या ईराच्या बाजूने ठरवा.